इ. स. १८५१ चा लंडनमधील कुलूपविवाद : एक ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : कुलूप, ताण, फसवी खाच, ब्रामा, चब्ब, हॉब्ज, सुरक्षितता

प्रस्तावना :
औद्योगिक क्रांतीच्या इतिहासात वाफेचे यंत्र, आगगाडी व कापडगिरण्या यांचा अभ्यास विपुल प्रमाणात झाला आहे. त्या मानाने घराघरांत असणारे कुलूप मात्र दुर्लक्षित राहिले. वस्तुतः मालमत्तेची सुरक्षितता हा नव्या व्यापारी समाजाचा पाया होता आणि ब्रिटिश समाजाने तो विश्वास कुलूपांवर ठेवला होता. १८५१ च्या उन्हाळ्यात आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज या अमेरिकन कारागिराने त्या विश्वासाला तडा दिला. प्रस्तुत लेखात या घटनेचा परामर्श घेतला असून, या विवादाच्या मुळाशी असलेल्या ‘ताण’ या यांत्रिक तत्त्वावर विशेष भर दिला आहे.

उद्दिष्टे :
१) अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील कुलूपरचनेच्या विकासाचा आढावा घेणे.
२) हॉब्जच्या यशामागील यांत्रिक कारणे स्पष्ट करणे.
३) या घटनेतून उद्भवलेल्या सार्वजनिक प्रश्नाचे मूल्यमापन करणे.

पार्श्वभूमी :
रॉबर्ट बॅरन याने १७७८ मध्ये दुहेरी क्रियेच्या टंबलर कुलूपाचे पेटंट घेतले. आतील तुकडा नुसता उचलून चालणार नाही, तो नेमक्या उंचीवरच थांबला पाहिजे, ही त्यातील नवी कल्पना होती. जोसेफ ब्रामा याने १७८४ मध्ये नळीच्या आकाराच्या किल्लीने चालणारे कुलूप सिद्ध केले. किल्लीच्या टोकावरील कमी-अधिक खोलीच्या खाचा आतील स्लायडर निरनिराळ्या अंतरापर्यंत दाबत असत. पिकॅडिलीतील दुकानाच्या खिडकीत ब्रामाच्या पेढीने १८ स्लायडरचे एक कुलूप ठेवले आणि ते उघडणाऱ्यास २०० गिनींचे बक्षीस जाहीर केले. अनेक दशके ते बक्षीस कोणालाही मिळाले नाही.

१८१७ मध्ये पोर्टस्मथच्या गोदीत झालेल्या चोरीनंतर जेरेमाया चब्ब याने १८१८ मध्ये ‘शोधक’ कुलूपाचे पेटंट घेतले. एखादा लिव्हर प्रमाणाबाहेर उचलला गेल्यास हे कुलूप अडकून बसे. त्यामुळे कोणी छेडछाड केली असल्यास मालकाला ते आपोआप कळे. या दोन कुलूपांमुळे अभेद्य कुलूप अस्तित्वात आहे, अशी लोकांची खात्री झाली.

ताणाचे तत्त्व :
सैद्धांतिक दृष्ट्या कुलूपातील सर्व तुकडे एकाच वेळी अडसराला रोखतात. प्रत्यक्षात मात्र हाताने अथवा यंत्राने केलेले कोणतेही काम तंतोतंत नसते. केसाएवढा फरक राहतोच. अडसरावर अथवा फिरणाऱ्या भागावर सौम्य दाब दिला असता सर्व भार प्रथम एखाद्याच तुकड्यावर येतो. तो तुकडा योग्य जागी सरकविला की भार दुसऱ्यावर जातो. अशा रीतीने कुलूप स्वतःच आपले रहस्य क्रमाक्रमाने सांगू लागते.

या पद्धतीतील खरी अडचण ताणाच्या प्रमाणाची असते. ताण अधिक झाल्यास अनेक तुकडे एकदम आवळले जातात आणि त्यांपैकी कोणता अडला आहे, हे कळेनासे होते. ताण कमी पडल्यास जागेवर बसलेला तुकडा स्प्रिंगच्या जोराने परत फिरतो. ब्रामाच्या कुलूपात पुढे घालण्यात आलेल्या फसव्या खाचांनी या अडचणीत भर घातली. तुकडा योग्य जागी बसला असा भास होई, परंतु कुलूप उघडत नसे. अशा वेळी जोर वाढविणे निरर्थक ठरते. ताण किंचित सैल करून तो तुकडा खोट्या खाचेतून सोडवावा लागतो; मात्र तसे करताना आधी बसलेले तुकडे निसटण्याचा धोका असतो.

१८५१ च्या कसोट्या :
लंडनच्या भव्य प्रदर्शनासाठी हॉब्ज न्यूयॉर्कच्या डे अँड न्यूएल या पेढीचे कुलूप घेऊन आला होता. २२ जुलै १८५१ रोजी वेस्टमिन्स्टरमधील ग्रेट जॉर्ज स्ट्रीट येथील एका तिजोरीखोलीच्या दारावरील चब्ब कुलूप त्याने साक्षीदारांसमोर सुमारे २५ मिनिटांत उघडले आणि ७ मिनिटांत पुन्हा लावून दाखविले. चब्बचा शोधक येथे उपयोगी पडला नाही, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. तुकडा मर्यादेबाहेर गेल्याची सूचना मालकाला देणारी रचना तीच सूचना उघडू पाहणाऱ्यालाही देत असते.

यानंतर ब्रामा कुलूपाची कसोटी झाली. तीन पंचांच्या देखरेखीखाली २४ जुलै रोजी प्रारंभ झालेले हे काम २३ ऑगस्टपर्यंत चालले. १६ दिवसांत मिळून सुमारे ५१ तास हॉब्जने त्यासाठी खर्च केले. दाब सतत एकसारखा राहावा म्हणून त्याने आपले साधन कुलूपाजवळ पक्के बसविले होते. कोणताही चोर इतका वेळ व अशी सोय मिळवू शकणार नाही, असा आक्षेप ब्रामा पेढीने घेतला. तथापि पंचांच्या निर्णयानुसार २०० गिनी तिला द्याव्या लागल्या. आक्षेपात तथ्य होते. कुलूप अभेद्य नसले, तरी त्याने घेतलेला वेळ हेच त्याचे संरक्षण होते. परंतु जाहिरात वेळेची नव्हती, अभेद्यतेची होती.

सार्वजनिक प्रश्न :
कुलूपाचे दोष उघड करणे म्हणजे चोरांना शिकविणे होय, अशी टीका त्या काळी झाली. चार्ल्स टॉमलिन्सन यांनी संपादित केलेल्या व हॉब्जच्या सामग्रीवर आधारलेल्या १८५३ मधील कुलूपविषयक ग्रंथात तिचा प्रतिवाद आढळतो. चोरांना आपली विद्या आधीच अवगत असते; अज्ञानात राहतो तो प्रामाणिक ग्राहक, असा त्याचा आशय आहे. पुढे हॉब्जने मिरविलेले डे अँड न्यूएलचे कुलूपही लायनस येल धाकटा याने उघडले. येलने १८६१ व १८६५ मध्ये पेटंट घेतलेल्या पिन टंबलर कुलूपालाही ताणाचे हेच तत्त्व लागू पडते. म्हणूनच कमरेशी बारीक असलेल्या फसव्या पिनांचा वापर पुढे त्यात करण्यात आला. ब्रामाच्या फसव्या खाचेचाच हा नवा अवतार होय.

निष्कर्ष :
१) हॉब्जचे यश बळाचे नसून संयमाचे व मोजून दिलेल्या ताणाचे होते.
२) कुलूपातील प्रत्येक सुधारणा पूर्वीच्या दोषाच्या जाहीर उच्चारातून झाली, दोष झाकण्यातून नव्हे.
३) अभेद्यतेचा दावा इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, ‘किती काळ टिकेल’ हाच सुरक्षिततेचा प्रामाणिक मापदंड ठरतो.
४) ज्याच्या घराला कुलूप आहे, त्याला त्या कुलूपाची मर्यादा जाणून घेण्याचा अधिकार आहे, हा विचार १८५१ च्या विवादाने ठामपणे पुढे आणला. कोणत्याही संरक्षक व्यवस्थेच्या अभ्यासात तो मार्गदर्शक ठरावा असा आहे.