खेकडा इंजिन

जी.आय.पी. रेल्वेने भोर आणि थळ घाटांतल्या मालगाड्यांसाठी 1928 पासून आणलेले विजेवरचे इंजिन. मूळ वर्ग ईएफ/1, पुढे डब्ल्यूसीजी-1. एकूण 41 इंजिने आली. पहिली काही स्वित्झर्लंडमधल्या विंटरथुरच्या कारखान्यात बनली, बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत. विजेची जुनी इंजिने ज्यांना जीव की प्राण वाटतात, त्या रेल्वेवेड्यांमध्ये या इंजिनाचा मान पहिला.

पुढेमागे लांब, बुटकी नाके आणि मध्ये उंच धड, असा त्याचा बांधा. आल्प्समधल्या गॉटहार्ड मार्गावर अशाच घडणीची इंजिने आधीपासून चालत होती. लोक त्यांना मगर म्हणत. आपल्याकडच्या कामगारांनी मात्र त्याला खेकडा म्हटले. मगर दिसायला इंजिन बाजूने आणि लांबून पाहावे लागते. रुळाकाठी उभे राहिले की नजर आधी चाकांकडे जाते, आणि तिथे खेकडाच आहे. मोटारी चाकांच्या आसांवर नसून नाकात बसवलेल्या. दातेरी चक्रांमार्फत त्यांची ताकद एका आडव्या दांड्याला मिळते आणि तिथून जोडदांडे प्रत्येक बोगीच्या, म्हणजे इंजिनाखालच्या चाकगाड्याच्या, तिन्ही चाकजोड्या एकदम फिरवतात. वाफेच्या इंजिनाचे हातपाय विजेच्या इंजिनाला लावावेत, तसा प्रकार. उभे असताना ते कण्हल्यासारखा आवाज करी आणि चालू लागले की दांड्यांची सपसप ऐकू येई. आजच्या इंजिनात सगळे पत्र्याआड असते. खेकड्याचे काम डोळ्यांनी पाहता येई, आणि त्याच्यावरच्या प्रेमाचे अर्धे कारण तेच असावे.

मुंबईत विजेची पहिली गाडी 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी धावली. तिला गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी निशाण दाखवले. 1500 व्होल्टचा एकदिश प्रवाह घाटावर न्यायचा तर वीज हवी, म्हणून रेल्वेने कल्याणजवळ ठाकुर्लीला स्वतःचे वीजघर उभारले. भोर घाटाचा चढ 37 फुटांना एक फूट. तिथे 2600 अश्वशक्तीचा खेकडा कामाला आला. प्रवासी गाड्यांना ईए/1 ही वेगळी इंजिने होती. 1 जून 1930 ला निघालेली दख्खनची राणी त्यांनीच ओढली.

याच मार्गावर पुण्यापुढच्या सोलापुरात गाडी 1860 सालीच आली, पण खेकडा कधी आला नाही. एकदिश विजेची तार पुण्यालाच संपत होती. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतून रात्री रिक्षाने स्टेशन गाठून सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरणाऱ्याला विजेचे इंजिन अनेक वर्षे मध्यरात्रीनंतर, पुण्याला भेटे. डिझेल सुटे, दिवे क्षणभर मंद होत, थोड्या वेळाने डब्याला एक हिसका बसे, आणि वरच्या बर्थवरचा माणूस कूस बदलून म्हणे, "लागलं इंजिन." परतीच्या वाटेवर कर्जतला घाट चढण्यासाठी मागून बँकर, म्हणजे ढकलणारी इंजिने, लागत तेव्हा तोच धक्का उलट बाजूने बसे. सोलापूरच्या रेल्वेवेड्याची विजेच्या इंजिनांशी ओळख ही अशी, अर्धवट झोपेतली. सोलापूरला तार आली ती अलीकडे, थेट 25,000 व्होल्टची. तोवर भोर घाटातली एकदिश वीज 2010 मध्येच बंद झाली होती.

चित्तरंजनला बनलेले पहिले विद्युत इंजिन 14 ऑक्टोबर 1961 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते सेवेत आले. त्याचे नाव 'लोकमान्य'. तेही 1500 व्होल्टचे, आणि मराठी चाहत्यांना ते जरा जास्तच जवळचे. घाटातले खेकडे पुढे डब्ल्यूसीजी-2 ने हटवले. उरलेले मुंबई व्हीटीला रिकामे डबे इकडून तिकडे ढकलण्याच्या, म्हणजे शंटिंगच्या कामाला लागले आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकले. मालगाड्या घाटावर चढवणाऱ्या इंजिनाला म्हातारपणी हे काम द्यावे याची खंत जुने चाहते अजून बोलून दाखवतात. खरे तर त्यामुळेच पुढच्या पिढीला ते फलाटावरून, हाताच्या अंतरावर पाहता आले.

दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात एक खेकडा जतन केलेला आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या वारसा गल्लीत 'सर लेस्ली विल्सन' हे जुने विद्युत इंजिन उभे आहे. त्याच्या शेजारून लोक आपली गाडी पकडायला पळत असतात.