वेग मोजणारा शर्यतवीर

आमच्या गटातल्या एका ताईंच्या मोबाइलवर मागे दंडाचा मेसेज आला. मोटारसायकल गटाच्या कर्जातून घेतलेली, ताईंच्या नावावर. महामार्गावर पळवली मुलाने. ताई म्हणाल्या, "रस्त्यात पोलीस तर कुणीच नव्हता म्हणे. मग पकडलं कुणी?"

पकडलं कॅमेऱ्याने. वेग मोजणारी अशी यंत्रं रस्त्यावर आणणारे एक गृहस्थ स्वतः मोटारशर्यतीचे भारी शौकीन होते. आज त्यांचीच गोष्ट.

मॉरिस गॅटसोनिडिस हे त्यांचं नाव. जन्म १९११चा, जावा बेटावरचा. तेव्हा तिथे डचांचं राज्य होतं. पुढे ते नेदरलँड्समध्ये राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी 'गॅटसो' नावाच्या मोटारी बनवून पाहिल्या, पण तो धंदा टिकला नाही. शर्यतीचा नाद मात्र सुटला नाही. १९५३ साली त्यांनी युरोपातली नावाजलेली माँटे कार्लो रॅली जिंकली. तिथे शेवटचा कस नुसत्या जोराचा नव्हता, ठरवून दिलेला वेग नेमका राखण्याचा होता.

वळणावर आपला वेग खरंच किती असतो, हे त्यांना कळायला हवं होतं. अंदाजावर त्यांचा भरवसा नव्हता. म्हणून त्यांनी मोजायचं साधन केलं. रस्त्यावर थोड्या अंतराने दोन रबरी पट्ट्या आडव्या टाकायच्या. पहिल्या पट्टीवर चाक आलं की घड्याळ सुरू, दुसरीवर आलं की बंद. अंतर ठाऊक, वेळ ठाऊक, की वेग निघाला. शाळेतलंच गणित!

हे यंत्र पोलिसांच्या उपयोगी पडलं. १९५८ साली गॅटसोनिडिस यांनी त्यासाठी कंपनी काढली. पुढे रबरी पट्ट्यांच्या जागी रडार आलं, जोडीला कॅमेरा आला. ब्रिटनमध्ये तर लोक अशा कॅमेऱ्याला 'गॅटसो'च म्हणू लागले. खुद्द गॅटसोनिडिससुद्धा त्यात सापडले आणि त्यांनाही दंड झाला! १९९८ साली, ८७व्या वर्षी ते वारले.

ताईंचा मुलगा म्हणाला, "एवढा वेग नव्हताच गं आई." चालवणाऱ्याला तसंच वाटतं. शर्यत जिंकणाऱ्या माणसानेसुद्धा स्वतःच्या वाटण्यावर विश्वास ठेवला नाही, मोजून पाहिलं. आपणही गटाचा हिशेब तोंडी ठेवत नाही, वहीत लिहितो, तो याचसाठी.

तेव्हा गाडी तुमच्या नावावर असेल, तर असा मेसेज आल्यावर नुसता दंड भरून गप्प बसू नका. चालवणाऱ्याला समोर बसवून तो आकडा दाखवा. दंडाचे पैसे पुन्हा जमवता येतात, घरचं माणूस नाही.