परक्या वाद्यातील ओळखीचे स्वर

बंगळूरजवळचे व्हाइटफील्ड ही मूळची अँग्लो-इंडियनांची वसाहत. तीसाठी म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी १८८२ साली जमीन दिली. समाजाचे पुढारी व्हाइट यांचे नाव गावाला लाभले. पाश्चात्य संगीत या समाजाच्या घरचेच. त्याच शतकात स्पेनमध्ये तोरेस (१८१७–१८९२) या कारागिराने गिटारला आजचे रूप दिले.

गिटारवरील अगदी आरंभीचा पूर्ण स्वरमेळ म्हणजे ई मायनर. मधले बोट पाचव्या तारेवर, अनामिका चौथीवर, दोन्ही दुसऱ्या पडद्यात. उरलेल्या चार तारा मोकळ्या. तारा सहा, पण स्वर तीनच: षड्ज, कोमल गंधार, पंचम. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला ते ओळखीचे. नवे एवढेच, की ते एकदम उमटतात. नोकरीनिमित्त व्हाइटफील्डला राहणाऱ्या मराठी माणसाने हे वाद्य परके मानण्याचे कारण नाही.