साखरेच्या बेटावरची गुलामी

भगिनींनो, सातवीपर्यंत शिकलेल्या बाईने इतिहास लिहावयाचा म्हणजे धाडसच! पण नीरा उजव्या कालव्याने आपला फलटण तालुका उसाचा झाला, दिवाळीनंतर ऊसतोड्यांच्या बैलगाड्या आपल्या दारावरून जातात. म्हणून मॉरिशसची हकीकत वाचताना ती मला परकी वाटली नाही.

हिंदी महासागरातले हे लहानसे बेट. तिथे मळ्यांत राबविण्यासाठी मादागास्कर व आफ्रिकेतून माणसे धरून आणीत आणि विकीत. 1810 साली बेट फ्रेंचांकडून इंग्रजांकडे गेले, तरी गुलामी राहिलीच. अखेर 1 फेब्रुवारी 1835 रोजी ती कायद्याने बंद झाली. नुकसानभरपाई म्हणून सुमारे वीस लाख पौंड वाटले. कोणाला? मालकांना! ज्यांच्या पाठी फुटल्या त्यांना छदामही नाही. उलट ‘उमेदवारी’ म्हणून जुन्या मालकाकडेच राबणे भाग पडले. तीही 1839 साली संपली, तेव्हा बहुतेकांनी मळ्याकडे पाठ फिरविली. फिरवणारच!

मळेवाल्यांनी मात्र हिंदुस्थानकडे आधीच नजर वळविली होती. 2 नोव्हेंबर 1834 रोजी कलकत्त्याहून 36 मजूर तिथे उतरले. पुढे मुंबई बंदरातून आपली कोकणातली मराठी माणसेही गेली. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये. निघताना काही पगार आगाऊ हातात पडे, आणि तिकडे एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापीत. असे सुमारे साडेचार लाख लोक गेले. त्यांच्या नातवंडा-पणतवंडांमुळे तिथे आज गणेश चतुर्थीची सरकारी सुटी असते. आपली माणसे वर आली याचा आनंद वाटतोच. पण गुलामांचे वंशज जमिनीत व शिक्षणात मागेच राहिले, असे तिथल्याच सत्य व न्याय आयोगाने 2011 साली नमूद केले.

गेल्या हंगामात एक ऊसतोड बाई पाणी मागायला आली. अंगात फणफणून ताप. म्हटले, “अगं, दोन दिवस पडून राहा.” ती म्हणाली, “ताई, उचल फेडायचीय. खाडा पडला तर मुकादम दोघांचाबी दिवस कापतो.”

खाड्याची ती गोष्ट मी आदल्याच रात्री वाचली होती. मला काही बोलवेना. घागर भरून दिली. तिचा ताप उतरेपर्यंत आम्ही गल्लीतल्या तिघी-चौघी पाळीपाळीने तिच्या कोपीवर भाकरी पोचवीत होतो. ती मात्र तिसऱ्या दिवशीच कोयता घेऊन फडात गेली.