उद्याची बातमी, आजचं कोडं



ज्ञान म्हणजे काय, याचा विचार करायला बसलेल्या माणसांनी शब्दकोड्यावर तासभर घालवावा का, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. येऊ द्या, ती रास्त आहे. पण आज आपण ज्या कोड्याचा इतिहास पाहणार आहोत, त्याने आमच्यासारख्या तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला एक धडा दिला, आणि तोही उशिरा दिला. म्हणून हा विषय घेतला.

सुरुवात थोडी मागून करू. २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीत आर्थर विन नावाच्या संपादकाने एक कोडं छापलं. विन मूळचा लिव्हरपूलचा. कोड्याचा आकार चौकट आकड्यातल्या हिऱ्यासारखा होता आणि नाव होतं ‘वर्ड-क्रॉस’. काही आठवड्यांनी छापताना शब्दांची अदलाबदल झाली, ‘क्रॉस-वर्ड’ झालं, आणि तेच नाव टिकलं. म्हणजे शब्दांच्या या खेळाचं नावच मुळात शब्दांच्या उलटापालटीतून आलं, बरं का!

१९२४ मध्ये सायमन आणि शूस्टर या दोन तरुण प्रकाशकांनी कोड्यांचं पहिलं पुस्तक काढलं. पुस्तकाला एक पेन्सिल जोडलेली होती. पुस्तक तुफान खपलं आणि अमेरिकेला कोड्याचं वेड लागलं. त्या वेळी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मात्र नाक मुरडलं. हा वेळेचा अपव्यय आहे, असंच त्यांचं मत होतं. आपल्याकडे वात्स्यायनाने प्रहेलिका, म्हणजे कूटप्रश्न, चौसष्ट कलांमध्ये मोजल्या. दंडीने ‘काव्यादर्शा’त त्यांचे सोळा प्रकार सांगितले आणि उपयोगही सांगितले: मित्रांच्या बैठकीत करमणूक, गर्दीत गुपचूप निरोप देणं, आणि समोरच्याला चकवणं. त्यामुळे ‘उपयोग काय?’ हा प्रश्न निदान आपल्याला तरी पडायला नको.

टाइम्सचं मन बदललं ते युद्धात. पर्ल हार्बरवर हल्ला झाला, बातम्या काळवंडल्या, वाचकाला थोडा विसावा हवा असं संपादकांना वाटलं. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी त्यांचं पहिलं रविवारचं कोडं आलं आणि १९५० पासून ते रोजचं झालं. या सदराच्या पहिल्या संपादक मार्गारेट फरार. १९२४ च्या त्या पुस्तकाच्या संपादकांपैकीही त्या एक होत्या. त्यांनी कोड्याला शिस्त लावली. चौकट उलटी धरली तरी काळ्या घरांची नक्षी तशीच दिसली पाहिजे. आणि दुसरा नियम आपल्या दृष्टीने महत्त्वाचा: प्रत्येक अक्षर एका आडव्या आणि एका उभ्या अशा दोन्ही शब्दांत बसलं पाहिजे. ब्रिटिश कोड्यात बरीच घरं एकाच शब्दाची असतात. अमेरिकन कोड्यात प्रत्येक अक्षराला दोन साक्षीदार. आडवा शब्द चुकला, तर उभा शब्द कान पकडतो.

रोजच्या कोड्याची चौकट पंधरा बाय पंधरा घरांची. सोमवारी सोपं, मग वाढत वाढत शनिवारी सगळ्यात अवघड. आठवड्याच्या पहिल्या दिवसांत कोड्याला बहुधा एक सूत्र असतं, म्हणजे त्यातले लांब शब्द एकाच कल्पनेत ओवलेले असतात. ती कल्पना सापडली की सोडवणारा स्वतःशीच हसतो.

आता येऊ ५ नोव्हेंबर १९९६ या दिवसाकडे. मंगळवार. अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक, मतदानाचा दिवस. एका बाजूला बिल क्लिंटन, दुसऱ्या बाजूला बॉब डोल. त्या सकाळच्या टाइम्समध्ये जेरेमाया फॅरेल यांचं कोडं होतं. फॅरेल हे इंडियानापोलिसच्या बटलर विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक. संपादक होते विल शॉर्ट्झ.

चौकटीच्या बरोबर मधल्या ओळीत दोन शब्द होते. शोधसूत्र सांगत होतं की ही उद्याच्या वृत्तपत्राची मुख्य बातमी आहे, आणि पुढे कंसात उद्गारचिन्ह. दुसरा शब्द सात अक्षरांचा, ‘इलेक्टेड’, म्हणजे निवडून आले. त्याआधीचा शब्दही सात अक्षरांचा. मध्ये एक काळं घर. सात, एक आणि सात, पंधरा. ओळ भरली.

पण निवडून आलं कोण? मतदान तर आत्ता सुरू होतंय!

सोडवणाऱ्याने ‘क्लिंटन’ लिहिलं. इंग्रजीत सात अक्षरं, बसलं. उभे शब्द तपासले, तेही बसले. मग त्याने फोन उचलला आणि वृत्तपत्राला झापलं: मतं पडायच्या आत तुम्ही निकाल कसा काय जाहीर करता? दुसऱ्या एकाने ‘बॉब डोल’ लिहिलं. तीही सात अक्षरं. त्याचेही सगळे उभे शब्द बसले. त्यानेही फोन केला: अहो, तुमचं हे भाकीत साफ चुकणार आहे!

दोघांचंही कोडं बरोबर होतं.

हे कसं जमवलं? क्लिंटनचा ‘सी’ आणि बॉबचा ‘बी’ एकाच घरात. त्या घरातून खाली जाणाऱ्या शब्दाचं सूत्र होतं हॅलोविनच्या सणातला काळा प्राणी. ‘कॅट’ही चालतं, ‘बॅट’ही चालतं. मांजर म्हणा नाहीतर वटवाघूळ. पुढच्या घरात ‘एल’ किंवा ‘ओ’: फ्रेंच शिकायला लागलं की पहिल्या वर्षी भेटणारा शब्द, ‘लुई’ म्हणजे त्याला, किंवा ‘वी’ म्हणजे होय. शिवणकामाच्या दुकानात काय घेतात? ‘यार्न’, म्हणजे सूत, किंवा ‘यार्ड’, म्हणजे यार्डाच्या मापाने कापड. कर्णा या अर्थाच्या एका क्रियापदाची दोन उत्तरं: ‘बोस्ट’, बढाई मारणं, आणि ‘ब्लास्ट’, मोठा आवाज करणं. आपणही ‘डंका पिटला’ म्हणतो तेव्हा डंका खरोखरचा असतो किंवा स्वतःच्या मोठेपणाचा असतो, तसंच हे. आणि शेवटी, खूप वाद झालेली राजकीय आद्याक्षरं: बंदूकवाल्यांची संघटना ‘एनआरए’, किंवा स्त्रियांच्या समान हक्कांची घटनादुरुस्ती ‘ईआरए’. अशी सात घरं आणि सात दुहेरी सूत्रं. एकही सूत्र खोटं नाही, एकही ओढूनताणून नाही.

हे किती कठीण आहे ते कळावं म्हणून आम्ही मराठीत एक चिमुकला प्रयत्न केलाय. मराठीत एका घरात काना-मात्रेसकट अख्खं अक्षर बसतं, हे ध्यानात घ्या. दोन अक्षरी आडवा शब्द: ‘जेवायला बसण्याआधी मांडतात’. पहिल्याच घरातून खाली जाणारा दोन अक्षरी उभा शब्द: ‘स्वयंपाकघरातला पातळ पदार्थ’. तुम्ही लिहाल ताट आणि ताक. तुमच्या शेजारचा लिहील पाट आणि पाक. दोघंही बरोबर, आणि आपापल्या चौकटीत दोघांनाही एकमेकांची गरज नाही. एवढ्या एका घरासाठी आमच्या दोन संध्याकाळी गेल्या. फॅरेल यांनी अशी सात घरं एका रांगेत उभी केली.

आता तत्त्वज्ञानाकडे वळू. इथे दोन प्रश्न आहेत.

पहिला जुना आहे, ॲरिस्टॉटलचा. ‘उद्या समुद्रात लढाई होईल’ हे विधान आज खरं आहे की खोटं? आजच खरं असेल, तर सेनापतींनी रात्रभर खलबतं करायचं कारण काय? आजच खोटं असेल, तरी तेच. ॲरिस्टॉटल म्हणतो, उद्या लढाई होईल किंवा होणार नाही, या दोहोंपैकी एक नक्की. पण त्यातलं अमुक एक आजच ठरून गेलंय, असं मात्र म्हणता येत नाही. ५ नोव्हेंबरच्या सकाळी छापलेली ती ओळ अगदी या अवस्थेत होती. मतदार अजून रांगेत उभे होते. त्यांच्या मताला अर्थ असायचा असेल, तर ते घर मोकळं असायलाच हवं होतं.

दुसरा प्रश्न ताजा आहे. सुझन हॅक या इंग्लिश विदुषीने १९९३ च्या ‘एव्हिडन्स अँड इन्क्वायरी’ या ग्रंथात ज्ञानाच्या पुराव्याला शब्दकोड्याची उपमा दिली. शोधसूत्रं म्हणजे आपला अनुभव, आणि आधी भरलेले शब्द म्हणजे आपल्या इतर समजुती. एखादं उत्तर कितपत भरवशाचं, हे त्याच्या सूत्रावरही ठरतं आणि त्याला छेदणाऱ्या शब्दांशी ते किती जुळतं, यावरही. फार सुंदर उपमा आहे. ज्ञानाला अनुभवाचा पाया लागतो की समजुतींची आपापसातली सुसंगती पुरते, हा जो मोठा वाद आहे, त्यात तिने मधली वाट दाखवली.

आणि तीनच वर्षांनी हे कोडं आलं. सूत्रं जुळतात, छेद जुळतात, एकही घर रिकामं नाही, खाडाखोड नाही. तरीही सत्य ठरलेलं नाही! आपल्या चौकटीत सगळं बसलं, एवढ्यावरून दुसऱ्याच्या चौकटीत बसलेलं नाही, हे सिद्ध होत नाही. फोन करणाऱ्यांची चूक कोडं सोडवण्यात नव्हती. पुरावा पूर्ण आहे आणि म्हणून पर्याय संपले, असं त्यांनी धरलं, तिथे ती होती.

कोणी म्हणेल, मग सगळंच खरं की! नाही. अनेकान्तवादाचं नाव घेऊन लोक इथे घसरतात. त्या रात्री मतं मोजली गेली आणि क्लिंटन निवडून आले, ३७९ विरुद्ध १५९ निर्वाचक मतांनी. जगाने एक उत्तर खोडलं. चौकट मात्र होती तशीच राहिली. बॉब डोल लिहिणाऱ्याचे उभे शब्द आजही बिनचूक आहेत. म्हणजे निकाल चौकटीच्या आत नव्हता, बाहेर होता. तो जाणून घ्यायला बाहेरच पाहावं लागलं.

आणखी एक गोष्ट, जी आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची. फॅरेल यांनी १९८० मध्येही कार्टर आणि रेगन यांच्यावर असंच कोडं रचलं होतं. तेव्हाच्या टाइम्सच्या संपादकांनी ते परत पाठवलं. तिसरा उमेदवार अँडरसन निवडून आला तर काय, असा त्यांचा सवाल होता. ऐकून हसू येतं, पण प्रश्न चुकीचा नाही. १९९६ मध्येही रॉस पेरो हे तिसरे उमेदवार होतेच. त्यांच्यासाठी त्या ओळीत जागा नव्हती. दोन उत्तरं मोकळेपणाने मांडणारी चौकटसुद्धा तिसऱ्याला दार बंद करते. ‘दोन्ही बाजू ऐकल्या’ म्हणून आपण समाधानाने बसतो, तेव्हा बाजू दोनच आहेत हे कोणी ठरवलं, हेही विचारायला हवं.

आता त्या उशिरा मिळालेल्या धड्याबद्दल. आम्ही नोकरीत असताना एका विद्यार्थ्याने एका उताऱ्याचा आमच्यापेक्षा वेगळा अर्थ लावून उत्तर लिहिलं होतं. प्रत्येक वाक्य त्याने त्या अर्थात नीट बसवलं होतं. आम्हीही आमच्या अर्थात प्रत्येक वाक्य बसवलेलं होतं. आमचं सगळं जुळतंय, तेव्हा त्याचं चूकच असणार, असं धरून आम्ही लाल शाईने आडवी रेघ मारली आणि पुढच्या पेपरकडे वळलो. त्याचे छेद आम्ही तपासलेच नाहीत. तो अर्थ कदाचित टिकला नसता. पण ते तपासून ठरायला हवं होतं. या कोड्याची हकीकत वाचली, तेव्हा आधी तो पेपर डोळ्यांसमोर आला.

रोज सकाळी चहाबरोबर आमच्या घरी मराठी शब्दकोडं सोडवलं जातं. आमची सौभाग्यवती पेन्सिलने लिहिते, आम्ही पेनाने. पेनाने लिहिण्यात एक तोरा असतो. त्या १९२४ च्या पुस्तकाला प्रकाशकांनी पेन्सिल का जोडली असेल, ते आता आम्हाला कळतं. हल्ली आम्हीही तिच्याकडची पेन्सिल मागून घेतो.

आज इथेच थांबू. ताट-पाटासारखं एखादं घर तुम्हाला सुचलं, तर पुढच्या वेळी जरूर घेऊन या.