बास्केटबॉल: बास्केटकडे जाणारा चेंडू अडवल्यास पंच काय निर्णय देतात?

बचाव करणारा खेळाडू उंच उडी घेऊन शॉट अडवतो, प्रेक्षक टाळ्या वाजवतात आणि पंच मात्र शॉट मारणाऱ्या संघाला गुण देतात. सामना पनवेलच्या मैदानावर असो वा ऑलिंपिकमध्ये, या निर्णयावरून वाद होतोच. या नियमभंगाला ‘गोलटेंडिंग’ म्हणतात. भारतीय बास्केटबॉल महासंघ ‘फिबा’ या जागतिक संघटनेचा सदस्य असल्याने आपल्याकडे फिबाचे नियम लागू होतात.

नियम का आला?

रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर असते. अमेरिकेत जॉर्ज मायकनसारखे (उंची २.०८ मीटर) खेळाडू रिंगजवळ उभे राहून आत पडणारा चेंडू सहज बाहेर मारत. त्यामुळे तिथल्या महाविद्यालयीन स्पर्धांत १९४४-४५च्या हंगामापासून यावर बंदी आली.

पंच काय पाहतात?

चेंडू वर चढत असताना अडवला, तर तो वैध ब्लॉक. चेंडू पूर्णपणे रिंगच्या पातळीच्या वर असून बास्केटकडे खाली येत असेल किंवा बोर्डाला लागलेला असेल, तर त्याला हात लावणे हे गोलटेंडिंग. हे बंधन दोन्ही संघांवर असते. चेंडू बास्केटमध्ये जाण्याची शक्यताच उरली नसेल, तर मात्र ते लागू होत नाही.

चेंडू रिंगला लागल्यावर काय?

फिबाच्या नियमांनुसार मैदानी शॉटचा चेंडू रिंगला लागल्यावर कोणीही तो आत ढकलू किंवा बाहेर मारू शकतो. एनबीएमध्ये मात्र चेंडू रिंगच्या थेट वर असेपर्यंत त्याला हात लावता येत नाही. टीव्हीवर एनबीए पाहणाऱ्यांचा गोंधळ इथेच होतो.

चेंडू रिंगवर असताना रिंग, जाळी किंवा बोर्डाला हात लावणे, तसेच खालून बास्केटमध्ये हात घालून चेंडूला स्पर्श करणे, हा ‘इंटरफिअरन्स’ नावाचा वेगळा नियमभंग आहे.

निर्णय काय होतो?

• बचाव करणाऱ्याची चूक: चेंडू आत गेला असे मानून २ किंवा ३ गुण, फ्री थ्रोवर १ गुण. शेवटच्या फ्री थ्रोवर गोलटेंडिंग केल्यास १ गुण आणि शिवाय टेक्निकल फाउल.
• आक्रमकाची चूक: चेंडू आत गेला तरी गुण नाही. प्रतिस्पर्ध्याला फ्री थ्रो रेषेच्या समोरून, बाजूच्या रेषेबाहेरून थ्रो-इन मिळतो.

निर्णय कोण देतो?

दोन पंच असल्यास चेंडूच्या उड्डाणावर ‘ट्रेल’, म्हणजे खेळाच्या मागे राहणारा पंच नजर ठेवतो. बास्केटखालचा ‘लीड’ पंच प्रामुख्याने तिथली धक्काबुक्की पाहतो. मोठ्या स्पर्धांत चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत दिलेला असा निर्णय व्हिडिओवर तपासता येतो. ही सोय नसलेल्या मैदानावर पंचांनी त्या क्षणी जे पाहिले, तोच निर्णय ठरतो.