पराभवानंतरची पाच वर्षे

निवडणुकीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांतून दोन प्रकारची माणसे दिसू लागतात. काही जण दार लावून बसतात; आता काही उरले नाही म्हणतात. काही जण चार दिवसांत जिंकलेल्याच्या गाडीत जाऊन बसतात. दोघांचेही गृहीत एकच : मतपेटी म्हणजेच चळवळ. हे गृहीत तपासायचे तर जानेवारी १९५२ ते डिसेंबर १९५६ हा कालखंड पुन्हा वाचला पाहिजे, असे मला वाटते.

घटनेच्या शिल्पकाराला त्याच घटनेखालच्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत पराभव पत्करावा लागला. उत्तर मुंबई हा द्विसदस्य मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते. राखीव जागेचा निर्णयही बहुसंख्य सवर्ण मतदारांच्याच हाती. काँग्रेसचे नारायण काजरोळकर सुमारे साडेचौदा हजार मतांनी निवडून आले. १९३२ च्या पुणे कराराची किंमत वीस वर्षांनी अशी मोजावी लागली. बाबासाहेब व अशोक मेहता यांनी केलेला निवडणूक अर्जही फेटाळला गेला. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत सर्वसाधारण जागा अशोक मेहतांनी जिंकली. राखीव जागेवर बाबासाहेब पुन्हा पडले. दुसरे मत कुजवण्याचा सल्ला त्यांनी मानला नाही, अशी आठवण चळवळीत सांगितली जाते. पराभव टाळण्यासाठीही मताचे मोल त्यांनी कमी होऊ दिले नाही.

मग या माणसाने काय केले? १९५२ सालीच ते राज्यसभेत गेले आणि १९५४ मध्ये अस्पृश्यता गुन्हे विधेयकावर तिथे बोलले. २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यात वकिलांसमोर त्यांनी लोकशाही यशस्वी होण्याच्या अटी मांडल्या : समाजात ढळढळीत विषमता नको, विरोधी पक्ष हवा, घटनात्मक नीती हवी, लोकांची सदसद्विवेकबुद्धी जागी हवी. निवडणुकीत हरलेला माणूस विरोधी पक्षाची महती सांगतो, यात तक्रारीचा सूर नाही. लोकशाहीची चिकित्सा आहे. १९५३ मध्ये मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य महाविद्यालय निघाले. तेव्हाच्या औरंगाबादचे महाविद्यालय वाढत होते. त्याच वर्षी मराठवाड्यात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या भूमिहीनांनी जमिनीसाठी सत्याग्रह केला. १९५५ मध्ये भाषिक राज्यांवरील पुस्तक आले, भारतीय बौद्ध महासभा स्थापन झाली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. यांतील एकाही कामासाठी लोकसभेची जागा लागली नाही.

हे सारे मधुमेहाने पोखरलेल्या शरीराने केले. आपण त्याचा गौरव करतो, आणि प्रत्येक कार्यकर्त्याने तसेच झिजावे अशी अपेक्षा धरतो. मला हे मान्य नाही. बाबासाहेब औषधे घेत होते, पथ्य पाळत होते. डॉक्टर असलेल्या माईसाहेब त्यांची प्रकृती सांभाळत होत्या. जो समाज शतकानुशतके केवळ राबण्यासाठी जगवला गेला, त्याच्या कार्यकर्त्याने वेळेवर जेवणे, झोपणे, दवाखान्यात जाणे ही चैन कशी? प्रचारात दोन महिने उपाशीतापाशी फिरलेला पोरगा निकालानंतर आजारी पडतो, तेव्हा त्याच्या उशाशी कोणता पुढारी बसतो?

निकालानंतर विद्यार्थी मला विचारतात, 'सर, आता काय करायचे?' आधी चार दिवस विश्रांती घ्या, असे मी सांगतो. मग ग्रामसभेला जा. शिष्यवृत्तीचे अर्ज कुठे अडले ते पाहा. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांप्रमाणे जिल्हा दक्षता समितीची बैठक दर तीन महिन्यांनी निदान एकदा झाली पाहिजे. ती झाली का, हे लेखी विचारा. विचारायला आमदार असावे लागत नाही.

द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने गेले. १९५२ चे विजयी उमेदवार आज अभ्यासकांनाच ठाऊक आहेत. पराभवानंतर उभ्या राहिलेल्या महाविद्यालयांतून मात्र आजही घरातला पहिला पदवीधर बाहेर पडतो आहे.